“मला काही जमणार नाही” हे डोक्यातून जात नसेल, तर गोवा आणि अमरावतीत झालेले हे प्रयोग माहिती पाहिजेत

चिखलीहून खामगावकडं निघालं की रस्त्यात अमडापूर लागतं. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातलं हे गाव. बल्लाळदेवीच्या देवस्थानामुळं पंचक्रोशीत माहिती असलेलं, चहूबाजूला सोयाबीन, कपाशी आणि तूर. अशा कुठल्याही गावाच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता उभं राहिलं, तर अंधारात पळणारी पोरं हमखास दिसतात. कशासाठी पळताय हे विचारावं लागत नाही. भरती.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. मैदानी चाचणीला ५० गुण, लेखीला १००. पळायचा सराव होतो, गोळाफेकही हळूहळू जमते. अवघड असतो तो प्रश्न, जो चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत आणि घरी आलेल्या मामाकडून हमखास येतो. “काहून रे बाबू, औंदाबी राह्यलं का?”

पहिल्या वर्षी या प्रश्नाचा राग येतो. दुसऱ्या वर्षी लाज वाटते. तिसऱ्या वर्षी तोच प्रश्न पोरगा स्वतःच स्वतःला विचारायला लागतो. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, डोक्यात जात नाहीत. तलाठीचा फॉर्म भरावा, की वनरक्षकाचा, की सगळं सोडून पुण्याला कंपनीत जावं, की बापासोबत शेती बघावी? रात्री दोन वाजेपर्यंत डोकं याच चक्रात. सकाळी अलार्म वाजतो आणि अंगात उठायचं बळ नसतं. मग अजून एक पुरावा मिळतो, की बघा, आपल्याला साधं उठायलाही जमत नाही.

यालाच इंटरनेटवर ‘सेल्फ डाऊट’ म्हणतात. आपण स्वतःवरचा संशय म्हणू. तो घालवायला सोशल मीडियावर जे उपाय मिळतात त्यातले बरेचसे कामाचे नाहीत, काही तर नुकसान करतात. पण काही उपाय खरंच चालतात, आणि ते चालतात हे तपासून पाहिलंय ते आपल्याच शेजारी, गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि अमरावतीच्या खेड्यांत.

त्याआधी एक साधा हिशोब. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागं साधारण शंभर अर्ज. शंभरातल्या नव्व्याण्णव अर्जांना ‘नाही’ हे उत्तर मिळणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं. त्यात परीक्षा वेळेवर होतील याची खात्री नाही. एमपीएससीची २०२० ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढं ढकलत ढकलत १४ मार्च २०२१ ला येऊन ठेपली, आणि तीन दिवस आधी ती पुन्हा पुढं ढकलली. त्यावेळी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, शेवटी परीक्षा २१ मार्चला झाली. अशा व्यवस्थेत वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात गोंधळ होत नसेल तरच नवल. तेव्हा सगळा दोष स्वतःच्या मनाला देण्यात अर्थ नाही. पण जागा वाढेपर्यंत आणि वेळापत्रक सुधारेपर्यंत दिवस तर काढायचाच आहे, आणि तो कसा काढायचा हे काही प्रमाणात आपल्या हातात असतं.

आता गोव्याचं.

गोव्यात ‘संगथ’ नावाची संस्था आहे, १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता. देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजके, तेही शहरांत. मग गावाच्या आरोग्य केंद्रात उदास, खचलेला माणूस आला तर त्याला मदत कोण करणार? त्यांनी गावातल्याच साध्या माणसांना शिकवायचं ठरवलं. ना डॉक्टर, ना मानसशास्त्राची पदवी. उपचाराचं नाव ठेवलं ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ लोकांवर हा प्रयोग झाला. सगळे जण बऱ्यापैकी तीव्र नैराश्यात होते. निम्म्यांना नेहमीची, थोडी सुधारलेली वैद्यकीय सेवा मिळाली. उरलेल्यांना तीच सेवा, आणि सोबत या साध्या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेबाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. वर्षभरानंतर पुन्हा तपासलं तेव्हाही फायदा टिकून होता, आणि ज्यांच्या रोजच्या हालचाली, कामं, भेटीगाठी वाढल्या होत्या त्यांच्यात तो जास्त दिसला.

या भेटींत होत काय होतं? बालपणात शिरणं नाही, स्वप्नांचा अर्थ लावणं नाही. मुख्य भर होता माणूस दिवसभर काय करतो यावर.

शास्त्रात याला ‘बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. कल्पना समजायला फार सोपी आहे. माणूस खचला की तो गोष्टी सोडायला लागतो. आधी क्रिकेट सुटतं, मग मित्रांचा कट्टा, मग वेळेवर जेवण, मग अंघोळसुद्धा. जे जे सुटतं त्यातून पूर्वी थोडा आनंद किंवा ‘आपण काहीतरी केलं’ ही भावना मिळायची. ती बंद झाली की मन आणखी खचतं, आणखी गोष्टी सुटतात. आपण वाट बघत राहतो, की मन बरं झालं की करू. मन बरं होण्याचं सामान तर त्या सुटलेल्या गोष्टींतच होतं. म्हणून इथं उलटा क्रम लावतात. मूड असो-नसो, ठरवलेली छोटी गोष्ट ठरवलेल्या वेळी करायची. मन मागून येतं.

ही कल्पना नुसती ऐकायला बरी म्हणून टिकलेली नाही. १९९६ साली अमेरिकेत नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या प्रसिद्ध ‘सीबीटी’ उपचाराचे तुकडे करून पाहिले. विचार बदलण्याचा भाग वगळून फक्त हा कृतीचा भाग दिला, तरी परिणाम जवळपास तेवढाच मिळाला. भल्याभल्यांना हे पटायला वेळ लागला.

करायचं कसं, तर एक वही लागते. दोनशे पानी, किराणा दुकानातली चालेल. आठवडाभर प्रत्येक तासाला काय केलं ते एका ओळीत लिहायचं, आणि पुढं शून्य ते दहामध्ये आकडा, त्यावेळी मन कसं होतं याचा. काही सुधारायचं नाही, फक्त नोंद.

आठवड्यानं वही उघडली की गमती दिसतात. समजा, रात्री अकरा ते एक रील्स, आकडा दोन. माणसाला वाटत असतं की आपण ‘रिलॅक्स’ होतोय, वही वेगळंच सांगते. तुरीवर फवारणीला बापाला मदत केली, अंग दुखलं, पण आकडा पाच. दहा मिनिटं पुतण्याला पाढे शिकवले, आकडा सात. हे सात कुठून आलं? ज्या पोराला वाटतं आपल्याला काही येत नाही, तो एका मुलाला सतराचा पाढा समजावून आला होता, म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात या वहीतूनच दोन-तीन गोष्टी निवडायच्या. एखादी आनंद देणारी आणि एखादी ‘जमलं’ असं वाटायला लावणारी. दोन्ही लागतात. आकार इतका लहान ठेवायचा की नाही म्हणायला तोंड राहू नये. ‘रोज आठ तास अभ्यास’ ही योजना मन खचलेल्या माणसासाठी दुसऱ्या दिवशीच्या अपमानाची तयारी असते. ‘संध्याकाळचा चहा झाला की गणिताची पाच उदाहरणं’ ही योजना होते. तिला वेळ आहे, जागा आहे, शेवट आहे.

इथं अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाची आठवण काढायला हवी. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं, की ‘मी हे करू शकतो’ ही खात्री माणसात मुख्यतः चार ठिकाणांहून येते. स्वतः केलेल्या गोष्टींतून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहून, कुणी पाठ थोपटल्यानं, आणि शरीराच्या अवस्थेतून. यात सगळ्यात दणकट स्रोत पहिला. कुणी कितीही ‘तू करू शकतोस भावा’ म्हटलं, तरी स्वतः सोडवलेल्या पाच उदाहरणांची सर त्याला येत नाही. आणि चौथा स्रोत आपण विसरतो. पोट रिकामं आणि झोप चार तासांची असेल, तर छातीतली धडधड मन ‘भीती’ म्हणून वाचतं.

मोटिव्हेशनल रील्सचं काय? २००९ मध्ये कॅनडातल्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःबद्दलची गोड वाक्यं मनात म्हणायला लावली. ज्यांचं स्वतःबद्दल मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना आणखी वाईट वाटलं. कारण मन वाद घालतं. आपण म्हणतो ‘मी वाघ आहे’, आतून आवाज येतो ‘मग तीनदा का पडला?’ ज्यांना उपायाची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यावरच तो उलटतो.

२१ दिवसांत सवय लागते हेही असंच. हा आकडा पसरला तो मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकामुळं. त्यानं लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘किमान’ गळालं आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये फिलिपा लाली यांच्या गटानं २०१० मध्ये ९६ जणांवर खरोखर मोजलं, तेव्हा सरासरी निघाली ६६ दिवस. कुणाला १८ लागले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. त्याच अभ्यासातली अजून एक गोष्ट कामाची आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. बाविसाव्या दिवशी ‘आपल्याला लागत नाही सवय’ म्हणून वही फेकणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

रात्रीचा गोंधळ हा वेगळा प्रकार आहे. डोकं तेच तेच विचार चघळत राहतं आणि आपल्याला वाटतं आपण तोडगा शोधतोय. १९८० च्या दशकात थॉमस बोर्कोव्हेक यांनी यावर जो उपाय तपासला तो ऐकायला विचित्र आहे. काळजी करायला वेळ ठरवून द्यायचा. रोज एकाच जागी, एकाच वेळी, अर्धा तास. दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचं, तुझी वेळ सहाची. आणि सहाला खरंच बसायचं, कागद घेऊन. वेळ झोपेच्या जवळची नको, अंथरुणात तर नकोच.

झोपताना करायची गोष्ट याहून लहान आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या-परवाच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी आधीच उरकलेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. कागदावर उतरलेलं काम डोक्याला धरून ठेवावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही, पण पाच मिनिटांच्या बदल्यात नऊ मिनिटं हा सौदा वाईटही नाही.

विचारांची बाजूही आहे, आणि त्यात महाराष्ट्रानं बरंच काम केलंय. अल्बर्ट एलिस यांची ‘आरईबीटी’ म्हणजे विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत रुजवणाऱ्यांमध्ये ठाण्याच्या ‘आयपीएच’ संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांचं नाव ठळक आहे. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या बागेत त्यांनी महिनाभर, बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायचंच असं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलले. भेटायला येते असं एकीनंच कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण कुणी मारलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि भीती गेली. (आजच्या काळात हा प्रयोग जसाच्या तसा करू नये, हे सांगायला नको.)

एलिस यांचं म्हणणं असं, की माणूस इच्छेची मागणी करून टाकतो आणि तिथं फसतो. मराठीत हे दाखवायला एक अक्षर पुरतं, ‘च’. ‘मला यंदा भरती व्हायचंय’ ही इच्छा आहे, तिच्यातून अभ्यास होतो. ‘मी यंदा भरती झालोच पाहिजे’ या वाक्यात नापास होण्याला जागा नाही, म्हणून पेपर हातात येण्याआधीच हात थरथरतो. वहीच्या शेवटच्या पानावर रोज आपली दोन ‘च’ची वाक्यं लिहून त्यातला ‘च’ खोडायचा, हा सराव कुणालाही करता येतो.

आता अमरावती. बुलढाण्याच्याच विभागातला जिल्हा, शेतकरी आत्महत्यांमुळं कायम बातमीत असलेला. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी मानसिक त्रासाबद्दल गावसभांतून, घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली, आणि गरज असलेल्याला समुपदेशक आणि डॉक्टरपर्यंत पोहोचवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते. १८ महिन्यांनी हा आकडा २७.२ टक्के झाला. तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळं सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही. तरी वऱ्हाडातला माणूस मनाबद्दल बोलत नाही, हा समज यानंतर तेवढा पक्का राहत नाही. बोलायला कुणी ओळखीचं समोर असलं की माणसं बोलतात. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पातही हेच दिसलं. तिथं गावातल्या स्वयंसेवकांनी मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवून विषय काढला.

म्हणून रोजच्या सवयींच्या यादीत एक माणूसही हवा. सल्ला देणारा नको. रोज दहा मिनिटं सोबत चालणारा, आणि निकालाचा विषय न काढणारा.

हे सगळं वाचताना एक प्रश्न पडला असेल, की वही, चालणं, काळजीचा अर्धा तास, एवढा वेळ कुणाकडं आहे? पोरांकडं एकवेळ असतो. घरातल्या सुनेकडं, बहिणीकडं नसतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं आढळलं, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. अशा घरात ‘स्वतःची काळजी घे’ हा सल्ला म्हणजे अजून एक काम. तिथं पहिली सवय तिला लावण्याआधी घरातल्या इतरांनी लावून घ्यायला हवी, संध्याकाळची भांडी उचलण्याची. दुसरी गोष्ट रक्ताची. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलंय. सतत थकवा, लक्ष न लागणं, डोकं जड वाटणं हे हिमोग्लोबिन, थायरॉइड किंवा बी-१२ कमी-जास्त झाल्यानंही होतं. अशावेळी सहा महिने वही भरत बसण्याऐवजी आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासलेलं बरं. पुरुषांनाही हे लागू आहे.

आणि सवयींची एक हद्द आहे. उदासी रोज, दिवसातला बहुतेक वेळ, दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, कामं ठप्प झाली, तर ते डॉक्टरला दाखवायचं दुखणं आहे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. गोव्यातल्या प्रयोगातही समुपदेशकाच्या मागं डॉक्टर होतेच, आणि भेटी मिळूनही तिघांतला एक जण तीन महिन्यांत पूर्ण बाहेर आला नव्हता.

बुलढाणा हा राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातल्या १४ जिल्ह्यांपैकी एक आहे. शेतकरी कुटुंबांना समुपदेशन मिळावं म्हणून तो सुरू झाला, आणि गावाच्या पातळीवर त्यात आशाताईंची मोठी भूमिका आहे. म्हणजे गावात कुणाला विचारायचं हे ठाऊक नसेल तर आशाताईंना विचारता येतं. तेवढंही नको, ओळखीत बोलायचंच नाही, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता लागतो.